आज वार कोणता

बर्नलीच्या वाचनालयात शनिवारी दहा ते बारा
बावीस वर्षांचा कॅलम आम्हाला कोड शिकवतो.
आम्ही म्हणजे मी, दोन निवृत्त टपालवाले
आणि एक बाई, जी फक्त हीटरसाठी येते.
पहिला गृहपाठ, घड्याळ.
एक खिडकी, खिडकीत एक पट्टी,
पट्टीवर तास, मिनिटं, सेकंद.
"सोपंय," कॅलम म्हणाला.

घरी खिडकी उघडेचना.
फंक्शनच्या नावापुढे मी दोन कंस ठेवून बसले होते.
म्हणजे "सेकंदानं हाक मार" सांगायच्या जागी
मीच आत्ता हाक मारत होते,
ते स्वतःला, ते पुन्हा स्वतःला,
आडात वाकून ओरडावं
आणि आडानंच ओरडत राहावं तसं.
रात्री साडेअकराला चूक सापडली.
कंस मारला.
आणि स्वयंपाकघरात एकटीच हसले.
हा विनोद या गल्लीत सांगणार कुणाला?

काळ्यावर पिवळे अंक. छान चाललं होतं.
चहा गाळताना पाहिलं,
एकेचाळीस, आणि लगेच त्रेचाळीस.
माझाच ठोका चुकला.
कॅलम म्हणाला, हजार मिलिसेकंद थांब म्हटलं
की यंत्र हजाराहून जरासं जास्तच थांबतं.
तो उशीर साचतो, साचतो, मग उडी पडते.
"मोजू नका. विचारत राहा."
आता माझं घड्याळ सेकंदाला पाच वेळा विचारतं,
किती वाजले? किती वाजले?
मागच्या सीटवरच्या पोरासारखं.

हे सगळं समोरच्या मिस्टर हॅलिवेलसाठी.
नजरेचा मधला भाग गेलाय त्यांचा, कडा शिल्लक.
ते घड्याळाकडे बघत नाहीत,
घड्याळाच्या शेजारी बघतात.
जुना लॅपटॉप त्यांच्या कपाटावर ठेवला,
अंक वीतभर उंच.
त्यांनी मान वळवून, भिंतीशी बोलल्यासारखं म्हटलं,
"झकास आहे गं. पण वेळ मला कळते.
सातला पहिली बस ब्रेक मारते,
साडेतीनला शाळेची पोरं माझं फाटक वाजवतात.
मला वार कळत नाही."
थोड्या वेळानं म्हणाले,
"ग्वेन रविवारी फोन करते.
म्हणून मी रोजच संध्याकाळी खुर्ची फोनजवळ ओढतो."

मी औषधांच्या दुकानात काम करते.
दिवसभर सात खणांचे डबे भरते,
सोम, मंगळ, बुध,
निळी गोळी, पांढरी, अर्धी.
गेल्या महिन्यात त्यांनी कचऱ्याचा डबा
तीन दिवस ओळीनं रस्त्यावर आणून ठेवला होता.
मी पाहिलं होतं. मला वाटलं होतं, म्हातारपण.
आणि मी बेचाळिसाव्या सेकंदामागे
आठवडाभर जागत होते.

एकच ओळ बदलायची होती.
सेकंद काढून टाकले. काढताना जीवावर आलं,
खोटं कशाला बोलू?
तासमिनिटं खाली, बारीक.
वर, पट्टीभर, त्यांच्या भाषेत, वार.
फॉन्ट एकशे चाळीस.
बुधवार खिडकीबाहेर जाऊ लागला, त्या भाषेत तो लांबच,
त्याच्यासाठी एकशे दहा.

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार, रात्री उशिरा.
मला घड्याळ मागे जाताना बघायचं होतं.
माझ्या लॅपटॉपवर एक एकोणसाठ झाले,
आणि मग पुन्हा एक.
मी काहीच लिहिलं नव्हतं त्यासाठी,
त्यानं फक्त विचारलं होतं.
पडदा सारून समोर पाहिलं.
हॅलिवेल पडदे लावत नाहीत.
अंधारात त्यांची खोली पिवळी झालेली,
कपाटावर रविवार,
रस्त्याच्या या कडेवरूनही वाचता येईल एवढा,
आणि खुर्ची अजून टेबलाला टेकलेली,
जिथल्या तिथे.